वांग्यांना नेसवलेल्या साड्या

आज दुपारी आईला भर उन्हात नेलं.

व्हॅनमधून उतरवल्यावर एकालाही साधी छत्री उघडायचं सुचलं नाही. मला फार राग आला.

साठच्या दशकात बाबांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही बेळगाव सोडून जयनगरात आलो. जयनगर म्हणजे तेव्हा शहराच्या कडेची नवीकोरी वसाहत. घरं झाली होती, झाडं व्हायची होती.

बाबांनी मागच्या अंगणात वांगी लावली. बी बेळगावचं.

रोपं वीतभर झाली आणि बाबा तापाने गेले. आई तिशीचीसुद्धा नव्हती.

एप्रिलच्या उन्हात रोपांनी माना टाकल्या. आईने ट्रंक उघडली, सगळ्या रंगीत साड्या काढल्या आणि बांबू रोवून वाफ्यावर बांधल्या. तिला आता त्या नेसायच्या नव्हत्याच. मेली रीतच होती तशी.

मग आत्या आली, साड्या न्यायला. तुला आता काय करायच्यात, असं तिचं म्हणणं.

आई म्हणाली, "वन्सं, त्या वांग्यांना नेसवल्यात."

आत्या न जेवता गेली.

तरी रोपं पिवळी पडत चालली. विधवेने दिवसाउजेडी लोकांच्या नजरेस पडायचं नाही, म्हणून आई अंधार पडल्यावरच पाणी घालायला जायची. साड्या दिवसरात्र बांधलेल्याच राहायच्या.

शेजारच्या कन्नड अज्जींनी एका संध्याकाळी कुंपणावरून तिला हाक मारली. "गिडक्के स्वल्प बिसिलु बेकु, अम्मा." झाडाला थोडं ऊन लागतंच. सकाळी उघड, दुपारी झाक.

दुसऱ्या दिवशी आई सकाळी बाहेर आली.

कितीतरी दिवसांनी मी तिला उन्हात पाहिलं. ओळखूच येईना.

थोडीच रोपं जगली. पहिली वांगी आईने भरली, बाबांच्या फोटोपुढे पान वाढलं. आम्ही भावंडं पोटभर जेवलो.

ती जेवली नाही. पुढे जन्मात तिने वांगं खाल्लं नाही.

काळ बदलला. मी म्हणायचे, आई, आता तरी रंगीत नेस गं.

"रंग उन्हाने नेले," एवढंच म्हणायची.

त्यातली एक साडी ट्रंकेत उरली होती. मूळची हिरवी असावी. आज गुरुजी म्हणाले, पांढरं वस्त्र आणा. मी ऐकलं नाही, तीच घातली तिच्या अंगावर.

प्लीज, आज कुणी फोन करू नका. माझ्याने बोलवत नाही.

आई, तुला 'जा' म्हणवत नाही. ये.

पदर डोक्यावर असू दे. ऊन फार आहे.