बंबाचा राखणदार

कुणी चुकून 'ट्रॉफी' म्हणालं की तो वाहतूक पोलिसासारखा हात आडवा करायचा. "ट्रॉफी दुकानात मिळते. हा बंब आहे."

आणि तो खरोखरच बंब होता. तांब्याचा, मधोमध निखाऱ्यांची नळी, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी आणि पोटाला एक भलामोठा पोचा. उन्हाळ्यात अबुधाबीत गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी आपोआप उकळत असतं. अशा गावात आम्हा वसईकरांची सगळ्यांत पूज्य वस्तू म्हणजे पाणी तापवायचा बंब. आम्ही इंजिनिअर, अकाउंटंट, हॉटेलवाले, बँकवाले, चांगले शिकलेले लोक, पण यात काही विचित्र आहे असं आमच्यापैकी कुणालाही कधी वाटलं नाही.

तिकडे वसईला दोन कॉलेजं होती. एक टेकडीवरचं, ते माझं. दुसरं खाडीकाठचं, ते त्याचं. दोन्हींमध्ये दरवर्षी फुटबॉलचा सामना व्हायचा. थंडीतल्या कुठल्याशा सामन्यानंतर दोन संघांत एकच बंब गरम पाणी उरलं आणि जिंकणाऱ्यांनी आधी अंघोळ केली, इतकंच मूळ. त्यावर पुढच्या पिढ्यांनी इमारत चढवली. जिंकेल त्याच्याकडे वर्षभर बंब. हरलेल्या कप्तानानं तो पेटवायचा आणि जिंकलेल्या कप्तानाला मैदानावर, जर्सीसकट, अंघोळ घालायची. सामन्याआधी बंब पळवायला परवानगी, मात्र पळवणाऱ्यानं त्या जागी साबणाची वडी ठेवून जायचं. साबण असला तर ती परंपरा, नसला तर ती चोरी.

पुढे दोन्ही मैदानांवर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि फुटबॉल संपला. बंब खाडीवाल्यांच्या जिमखान्यात मोडक्या बाकांखाली पडला होता. हा सुट्टीवर गेला असताना प्रिन्सिपॉलना भेटला. ते म्हणाले, "न्या की. तेवढीच जागा मोकळी होईल." कस्टमच्या माणसानं खोकं उघडून विचारलं, हे चहासाठी का? हा म्हणाला, "फुटबॉलसाठी." त्या माणसानं बंबाकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं आणि खोकं पुढे ढकललं. अशा रीतीनं आमची परंपरा समुद्र ओलांडून आली आणि माजी विद्यार्थ्यांचे सामने सुरू झाले.

तो एका मोठ्या हॉटेलात बँक्वेटच्या भांडारावर होता. घरचे वसईला, इथे हा चौघांत एका खोलीत. तिथे बंब कुठे ठेवणार? म्हणून मॅनेजरच्या परवानगीनं तो भांडारात, चांदीच्या झाकणांच्या ओळीत, पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसवलेला असायचा. दर आठवड्याला चिंच आणि मीठ लावून घासलेला. पोचा काढून घे म्हणून कितीजणांनी सांगितलं. "पोचा टेकडीवाल्यांनी पाडलाय. तो त्यांचा आहे. मी कसा काढू?"

मला तो नावानं कधी हाक मारत नसे. "काय टेकडी? हरायला आलास?" एवढंच.

एकदा हॉटेलच्या सजावटवाल्यांनी राष्ट्रीय दिनासाठी बंब परस्पर उचलून लॉबीत ठेवला. खजुराच्या परड्या, उंटाचं खोगीर आणि मधोमध आमचा बंब. गोऱ्या बायका त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढू लागल्या. कुणीतरी पाटीही लावली की हे वाळवंटातलं जुनं कॉफीपात्र आहे. हा दिवसभर युनिफॉर्ममध्ये शेजारी उभा राहिला. कुणी पोच्यावर हात ठेवला की हळूच म्हणायचा, "मॅडम, प्लीज. मॅच प्रॉपर्टी."

सामन्याच्या दिवशी त्याचं रूप बघण्यासारखं असायचं. मैदान भाड्याचं, खेळाडू पोट सुटलेले, आणि जिंकण्याची सगळी मदार इथेच जन्मलेल्या आमच्या पोरांवर. त्यांच्यातला एक त्याला म्हणाला, "अंकल, व्हाय डोन्ट वी जस्ट गेट अ कप?"

"कपात अंघोळ करून दाखव. मग घेऊ."

शिट्टी वाजली की पार्किंगमध्ये बार्बेक्यूचे कोळसे पेटायचे. एकदा पठाण वॉचमन धावत आला. "क्या करता है भाई?"

"नहाने का पानी."

"घर में पानी नहीं आता?"

"आता है. जीता हुआ नहीं आता."

वॉचमन विचारात पडून निघून गेला. पाण्यात आधी याचं कोपर बुडायचं. "बोटं खोटं सांगतात. कोपरानं बघायचं." त्याची परवानगी मिळाल्याखेरीज हरलेल्या कप्तानानं तांब्या उचलायचा नाही. पन्नाशीचा बँक मॅनेजर गुडघे टेकून पन्नाशीच्या सेल्स मॅनेजरच्या डोक्यावर पाणी ओततोय, बायका मोबाइलवर ते टिपताहेत, आणि हा डोळे मिटून उभा. चर्चमध्ये उभा राहावा तसा.

टेकडीवाले काही वर्षं सतत हरत होते. मी आमचा सेक्रेटरी. सलग हरणाऱ्या संघाच्या सेक्रेटरीला लग्नकार्यातही कोणी नीट बसायला सांगत नाही. तेव्हा मी ठरवलं की बंब पळवायचा. आमच्या कंपनीचं वार्षिक जेवण त्याच्याच हॉटेलात ठरलं होतं, त्या निमित्तानं मी भांडारात गेलो. तो प्लेटांचा हिशेब द्यायला वर गेला होता. मी बंब ट्रॉलीवर घेतला, त्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि मागच्या दारानं कंपनीच्या पिकअपमध्ये चढवला.

आणि मग आठवलं, साबण!

लाल वडी आणायची ती मी घरीच विसरलो होतो. शेजारच्या वॉशरूममधली हॉटेलची छोटी, कागदात गुंडाळलेली गोल चकती उचलली आणि बंबाच्या जागी ठेवली. स्वतःवर खूष होऊन बाहेर पडलो. हॉटेलमध्ये हॉटेलचा साबण ठेवून आपण काहीच ठेवलं नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथे तशा चकत्यांची खोकीच्या खोकी रचलेली होती. कुणीतरी ती उचलून खोक्यात टाकली असणार.

बंब मी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये, एसीच्या पत्र्यांमागे ताडपत्रीखाली लपवला. गुपित म्हणून कोणाला सांगितलं नाही. वर्कशॉपची सुरक्षा तपासणी जवळ आली होती. लेबल नसलेला सगळा माल भंगारात काढावा, असा हुकूम ऑफिसातून गेला होता. सही माझी होती. बंबावर लेबल नव्हतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी बंब घ्यायला गेलो तर भिंतीशी लख्ख झाडलेली फरशी. फोरमन मल्याळी, कामाचा पक्का. अभिमानानं म्हणाला, "साब, सब क्लीन. आपका ऑर्डर था. खलास."

भंगारवाल्याकडे तोवर बंब वितळलेला होता.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगायला हवं होतं. पण फोनवर एव्हाना हलकल्लोळ चालू होता. बंब गेला! खाडीवाले संतापले, आणि आमचे टेकडीवाले त्यांच्याहून जास्त, कारण आम्ही चोरलेला नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, जरा शांत होऊ दे, मग सांगू. शांत होण्याऐवजी एक चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष असा हवा होता की ज्याचं वय झालंय, डोकं थंड आहे आणि ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास आहे.

मला बिनविरोध निवडलं.

समिती एका उडपी रेस्टॉरंटच्या फॅमिली रूममध्ये बसली. तो युनिफॉर्ममध्येच आला, ड्यूटीवरून सरळ. खाडीवाल्यांतला एक ओरडला, "सरळ आहे! टेकडीवाल्यांनी नेला!"

तो उठून उभा राहिला. आपल्याच माणसावर डाफरला. "नाही. साबण नव्हता."

"अरे, विसरले असतील!"

"साबण ठेवल्याशिवाय ते नेत नाहीत. आजवर कधी नेला नाही. उगाच कोणाचं नाव घेऊ नका." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहा अध्यक्षसाहेब. बंब माझ्या ताब्यात होता. माझ्या ताब्यातून गेला."

त्या दिवशी प्रथमच त्यानं मला टेकडी म्हटलं नाही. मी समोरचा डोसा खात होतो. तो संपवला.

अहवालात मी 'निष्काळजीपणा' असा शब्द लिहिला. समितीतल्या दुसऱ्यानं 'गैरव्यवहाराची शक्यता नाकारता येत नाही' असं सुचवलं होतं. तो शब्द मी खोडला, आणि खोडला म्हणून त्या रात्री चांगली झोपही लागली. आपण त्याला वाचवलं असं मला वाटत होतं. कागदावरून खोडलेला तो शब्द लोकांच्या तोंडातून मात्र कोण खोडणार? तांबं आजकाल काय भावानं जातं, हे जो तो त्याच्यासमोर मुद्दाम मोठ्यानं बोलू लागला. तो सामन्यांना यायचा बंद झाला. त्या वर्षी माजी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव आलं आणि मी पडलो नाही.

आता आमच्याकडे ट्रॉफी आहे. काचेची. आत लेझरनं कोरलेला बहिरी ससाणा, मागे उंच इमारती, खाली प्रायोजकाचं नाव. सामन्याआधी पडद्यावर 'आमचा वारसा' नावाची फिल्म दाखवतात. तिच्यात बंब संगणकावर काढलेला आहे, चकचकीत, पोच्याशिवाय. हरलेला कप्तान जिंकलेल्याला गिफ्ट व्हाउचर देतो. पोरं म्हणतात, मच बेटर.

तो निवृत्त झाला, व्हिसा संपला, तेव्हा विमानतळावर सोडायला मीच गेलो. मीच गाडी देऊ केली होती. रस्ताभर ठरवत होतो, पुढच्या सिग्नलला सांगू. सिग्नल सगळे हिरवे लागले असं म्हणायला मला आवडेल, पण लागले ते लालच. उतरताना त्यानं माझा हात धरला.

"तुम्ही लोक चोर खरे," तो हसत म्हणाला, "पण कायद्यानं वागणारे. मी त्यांना हेच सांगत होतो."

बॅग ओढत तो आत गेला. मी पार्किंगचं कार्ड शोधत बसलो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तो गेल्याचं कळलं. न्यूमोनिया. त्यानंतर मी गावी गेलो तेव्हा भेटायला गेलो. त्याची बायको दारात आली, क्षणभर पाहिलं आणि ओळखलं. "तुम्ही टेकडीवाले ना? या. तुमचं नाव नेहमी निघायचं. म्हणायचे, चौकशीत तो एकटा माझ्याशी नीट वागला."

मी बसलो. प्रवासानं आंबून गेलो होतो. ती म्हणाली, "आधी हातपाय धुवा, अंघोळच करा हवी तर. गीझर लावते." बाथरूमबाहेरचं बटण तिनं दाबलं, लाल दिवा लागला. "यांच्यासाठी कधी लावायला लागला नाही हो. परत आल्यापासून गार पाण्यानंच करायचे. डिसेंबर असो, ताप असो. डॉक्टरांनी सांगितलं, मी भांडले, मुलानं शपथ घातली. म्हणायचे, माझ्याकडनं बंब गेला, आता गरम पाणी माझ्या वाट्याचं नाही. असं कुणी करतं का? सांगा तुम्ही."

तेव्हा मी सांगितलं. ट्रॉली, टेबलक्लॉथ, हॉटेलचा साबण, माझी सही, माझा अहवाल. मध्ये कुठे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. साबण ठेवला होता, हे मी दोनदा सांगितलं. ते सांगून काय मिळवायचं होतं कुणास ठाऊक.

ती रडली नाही, रागावली नाही. मग उठली, बाथरूमपाशी गेली आणि बटण बंद केलं. लाल दिवा विझला.

"टॉवेल आत आहे," म्हणाली.

मी आत गेलो, कडी लावली आणि नळ सोडला.