पोस्टमनला मी बुडवलं

आमची ही कोपरगावच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी एक कथा लिहायची. दर गुरुवारी एक भाग. ती वहीत लिहायची आणि मी टाईप करून पाठवायचो. क्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, टायपिंगचा हात चांगला.

कथेचा नायक एक पोस्टमन. म्हाताऱ्यांना पत्रं वाचून दाखवायचा, भाकरी गोल थापायचा, आणि बायको बोलत असताना मोबाईल बाजूला ठेवायचा. हे टाईप करताना मी जरा थबकलो. त्या भागाला बायकांनी नुसता बदामांचा पाऊस पाडला.

मग घरातही त्याचंच कौतुक. एकदा मी चहा केला, तर एक घोट घेऊन ही म्हणाली, "पोस्टमन आलं ठेचून घालतो." अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

एका गुरुवारी ही बहिणीकडे गेली होती. वहीतल्या भागाखाली मी माझ्या ओळी जोडल्या: पोस्टमनची सायकल गोदावरीच्या पुलावरून घसरली. त्याला पोहता येत नव्हतं. पाठवून दिलं आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मंडळानं शनिवारचं हळदीकुंकू पुढं ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालणाऱ्या मावशी दारात डोळे पुसत उभ्या.

"दादा, त्यो पोस्टमन खरंच गेला व्हय? लई गुनाचा हुता."

"मावशी, तो गोष्टीतला आहे."

"म्हनून काय झालं?"

मी दुधाचं पातेलं पुढं केलं.

दुपारी ही परत आली. बॅग हातातच होती.

"मागं त्यानं नदीत उडी मारून शेळी वाचवली होती. ते टाईप कोणी केलं होतं?"

मी चष्म्याची दोरी सारखी करू लागलो.

"काय बिघडवलं होतं त्यानं तुमचं?"

"चहा," मी म्हणालो.

ती हसत हसत मटकन खाली बसली. मला मात्र वाईट वाटत होतं, तेही पोस्टमनबद्दल.

पुढच्या भागात तो मासेमाऱ्यांच्या जाळ्यात जिवंत सापडला. त्याला पुलावरून ढकलणारा निघाला एक मत्सरी निवृत्त क्लार्क: टक्कल, दोरी लावलेला चष्मा, चहा पाणचट. मी निमूटपणे सगळं टाईप केलं, एक ऱ्हस्व-दीर्घही सुधारलं.

रविवारी भाजी बाजारात मंडळाच्या एक बाई माझ्या चष्म्याच्या दोरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग कोथिंबिरीची जुडी परत ठेवून निघून गेल्या.