भिंगारच्या बनुबाईंचा खंड्या

बनुबाई भिंगारदिवे आणि मी अकरा वर्षं एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलो. बाक शाळेतला नव्हे, नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातला. तिथे टीव्हीचे बोर्ड जोडायचं काम चाले. लाइनवर आम्ही सव्वीस बायका. बोर्ड समोर आला की ठरलेल्या बारीक टोकांना सोल्डर, म्हणजे वितळलेल्या कथलाचा टाका, मारायचं आणि पुढे सरकवायचा. दिवसाला तीनशे बोर्ड. बनुबाईंचा बोर्ड कधी रिजेक्ट होऊन परत आला असं मला आठवत नाही. सुपरवायझर नव्या मुलींना त्यांच्या मागे उभं करून सांगायचा, "या हातांकडे बघा."

पण बनुबाईंना त्याचं कौतुक नव्हतं. एकदा डबा खाताना म्हणाल्या, "दीपे, चौदा वर्षं झाली मला टाके घालून. एक तरी टाका कुणी बघितला का? खोक्यात बंद झाला की संपलं. लोक टीव्ही बघत्यात, टाका कोन बघतंय?"

त्यांचं माहेर पारनेर तालुक्यातलं, राळेगणसिद्धीच्या पलीकडचं एक कोरडं गाव. सासर भिंगारचं. नवरा सहादू कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपमध्ये रंगारी. एकुलती एक मुलगी प्रज्ञा, पुण्याला नर्सिंग शिकत होती. बनुबाई बुटक्या, अंगानं भरलेल्या, आणि बोलणं अगदी मोजकं. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसायच्या आणि सगळा रस्ता बाहेर बघत यायच्या.

ब्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. बसथांब्याकडे येताना त्यांना कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याची दुरुस्ती चाललेली दिसली. फाटकाबाहेर विटामातीचा ढीग होता आणि त्यात दाराच्या वरच्या रंगीत काचेची फुटकी चौकट पडली होती. लाल, हिरवे, पिवळे तुकडे, एक निळा, मध्ये शिशाच्या पट्ट्या. गवंड्याला विचारून त्यांनी ती उचलली, पदरात गुंडाळली आणि तशीच बसमध्ये घेऊन आल्या. मला वाटलं, आता रंगांबद्दल काही बोलतील. त्यांनी पट्ट्यांच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. सोल्डर हाय. आपल्यासारख्याच कुनाच्या तरी हातचं. आनि हे समद्यांना दिसत हुतं, शंभर वर्षं!"

त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत तीनशेच बोर्ड केले, पण मन तिथे नव्हतं. सुटताना मला म्हणाल्या, "आपल्याला बी जमंल हे."

सोल्डर त्यांना येत होतं, काच येत नव्हती. रविवारी त्या तेलीखुंटाजवळच्या गोरक्षनाथ मिस्त्रींच्या दुकानात गेल्या. मिस्त्री खिडक्यांच्या आणि फोटोफ्रेमच्या काचा कापायचे. साठीचे गृहस्थ, दोन्ही हातांवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा. बनुबाईंनी तुकडे मागितले आणि काच कापायला शिकवाल का, असंही विचारलं.

"कशाला बाई? खिडकी बसवायची असली तर मीच येतो की."

"खिडकी न्हाई बसवायची. मला खेळायचंय."

मिस्त्री हसले. पण टाकाऊ काचांची एक गोणी त्यांनी दिली आणि काच कापायचा हिरा कसा धरायचा तेही दाखवलं. "काच कापत नाहीत, बाई. ओरखडा काढायचा आणि मोडायची. ओरखडा एकदाच. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हात फिरवला की काच बिघडली. आणि आवाज ऐका. सुती कापड फाटल्यासारखा बारीक, सलग आवाज आला पाहिजे."

पुढचे दोन महिने बनुबाई दर रविवारी काच मोडत होत्या. घराच्या मागच्या बाजूला, मोरीच्या कट्ट्याशी त्यांनी पत्र्याची एक पेटी मांडली. कापायची काच पेटीवर, चुरा पेटीत. काम संपलं की ओल्या कणकेचा गोळा फरशीभर फिरवायचा. बारीकसारीक कण त्याला चिकटून यायचे, मग तो गोळा जुन्या कागदात गुंडाळून टाकून द्यायचा. सहादूभाऊंना हे काही पटत नव्हतं.

"सुट्टीच्या दिशी मानूस आडवा पडतो," ते म्हणायचे. "ही काचा फोडीत बसती. बोटं कापून घेशील अन् कारखान्यात बसशील कशी?"

"कापलेलं बोट बांधता येतंय," बनुबाई म्हणायच्या आणि पुढची काच घ्यायच्या.

सरळ रेघ बसली. पण शिशाच्या पट्ट्या आणायच्या कुठून? नगरमध्ये मिळेनात. त्यांनी आमच्याच धंद्यातून वाट काढली. एमआयडीसीच्या भंगारवाल्याकडे जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची पातळ पट्टी मिळायची. ती कात्रीनं चिंचोळी कापायची, काचेच्या कडेभोवती गुंडाळायची, चमच्याच्या दांड्यानं घासून दोन्ही बाजूंना दुमडायची. मग सोल्डरची पेस्ट लावून दोन तुकडे शेजारी ठेवायचे आणि तांब्यावर सोल्डर धावू द्यायचं. पहिला तुकडा झाला तो चार त्रिकोणांचा, तळहाताएवढा, पतंगासारखा. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला. सकाळचं ऊन आलं तसा भिंतीवर, मांडणीतल्या जर्मनच्या पातेल्यांवर हिरवा आणि पिवळा उजेड पडला. सहादूभाऊ चहाची बशी हातात घेऊन बघत राहिले. ते रंगारी होते, रंगाबद्दल त्यांना कळत होतं.

"पिवळा कमी पडलाय," एवढंच म्हणाले.

बनुबाई दुसऱ्या दिवशी ते मला सांगताना एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

मग घरात लहान लहान वस्तू येऊ लागल्या. मासा, होडी, कंदील, प्रज्ञाच्या होस्टेलच्या खिडकीसाठी एक चांदणी. आमच्या लाइनवरच्या एकेका बाईला लग्नाच्या, बारशाच्या निमित्तानं त्या एकेक द्यायच्या. कुणी म्हणालं, "विकायला ठेवा की," तर मान हलवायच्या. "इथं तीनशे मोजून करते. तिथं बी मोजायला लावू नगा."

खरा हट्ट सुरू झाला तो चौऱ्याण्णवमध्ये. त्यांना खंड्या पक्षी करायचा होता. लहानपणी गावच्या विहिरीवर पाण्याला जायच्या तेव्हा तळाशी जेमतेम हंडाभर पाणी असायचं आणि कठड्यावर हा खंड्या बसलेला. "आमच्या गावात निळं म्हनून येवढंच हुतं," त्या म्हणाल्या. "आभाळ बी उन्हानं पांढरं पडायचं."

तपकिरी डोक्यासाठी औषधाच्या बाटल्या होत्या, पांढऱ्या गळ्यासाठी न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच होती, चोचीसाठी बंगल्याच्या चौकटीतला लाल तुकडा होता. निळी काच मात्र त्याच चौकटीत एकच निघाली होती, तळहातात मावेल एवढी. नगरमध्ये तसली दुसरी मिळाली नाही. मिस्त्रींनी पुण्याला विचारलं, तिथे मिळाली ती फिकी, पाणचट. बनुबाईंनी ती परत केली.

आणि पंखाचा आकारच असा, की पोटाच्या बाजूनं त्याला आतलं वळण हवं. बाहेरचं वळण जमतं. आतलं वळण मागितलं की काच सरळ पळते आणि दोन तुकडे होतात. मिस्त्रींनी स्वतः साध्या काचेवर दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा काच फुटली.

"सोडा हो बाई," ते म्हणाले. "पंखाचे दोन तुकडे करा, मध्ये सोल्डर येईल. कुणाला कळणार आहे?"

"पंख येकच असतो, मिस्त्री."

मिस्त्रींनी एक टाकाऊ काच पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "तर मग वळण एका दमात मागू नका. आधी पुरतं वळण ओरखडा. मग त्याच्या आत लहान लहान चंद्रकोरी ओरखडा आणि पकडीनं एकेक काढत चला. काचेला वाटलं पाहिजे की आपण थोडंच मागतोय."

निळ्या काचेला हात लावायचा नाही, असं बनुबाईंनी ठरवलं. साध्या काचेवर तेच वळण लागोपाठ दहा वेळा जमलं, तरच निळी घ्यायची. चार जमायची, पाचवी फुटायची. फुटली की पुन्हा एकपासून. सोमवारी बसमध्ये मी विचारायची, "किती?" त्या बोटं दाखवायच्या. तीन. सहा. एका सोमवारी नऊ बोटं वर झाली आणि मी टाळी वाजवणार तेवढ्यात त्यांनी सगळी मिटली. दहावी फुटली होती. तेरा महिने हे चाललं. मधल्या दिवसांत अंगठ्यात काच जाऊन पिकलं, आठ दिवस लाइनवर पट्टी बांधून बसल्या, पण बोर्ड तीनशेच. मला वाटायचं, आता सोडतील. एकदा तसं बोलून गेले तर म्हणाल्या, "दीपे, मला वैताग येत असता तर कवाच सोडलं असतं. मला तर रविवार कवा येतो असं हुतंय."

दहा सलग जमल्या त्या पंच्याण्णवच्या मार्चमध्ये. पुढच्या रविवारी मला घरी बोलावलं. सहादूभाऊ उगीचच सायकल पुसत अंगणात होते. बनुबाईंनी निळी काच धुतली, पुसली, हिरा रॉकेलात बुडवला आणि श्वास धरून ओरखडा काढला. आवाज बारीक, सलग आला. पहिली चंद्रकोर निघाली. दुसरी निघाली. तिसरीला पकड लावली आणि टच्च करून काच आडवी गेली. एक मोठा तुकडा, दोन लहान.

सहादूभाऊ दारात येऊन उभे राहिले. "जोडून टाक," ते हळूच म्हणाले. "फटीवर सोल्डर मार. पिसं वाटतील."

"मला दिसंल," बनुबाई म्हणाल्या.

त्यांनी मोठा तुकडा उचलला आणि उजेडात धरला. बराच वेळ फिरवून बघितला. मग मला जवळ बोलावलं. फुटलेल्या कडेवर, जिथून भेग पळाली होती, तिथे मोहरीएवढा बुडबुडा होता. जुनी, हातानं केलेली काच. तिच्यात असे बुडबुडे राहतात. साध्या काचेवर सराव करताना हे कसं कळणार? "हात चुकला न्हाई," त्या म्हणाल्या. "बघायचं चुकलं."

दोन रविवार त्यांनी काही कापलं नाही. तुकडा उन्हात धरून एकेक बुडबुडा शोधला, शाईच्या ठिपक्यानं खूण केली. मग कागदावर नवा खंड्या काढला. ठिपक्यांच्या मधून जाईल असा. पक्षी वीतभराचा होता तो चार बोटांचा झाला. त्यामुळे तपकिरी, पांढरे, लाल, आधी तयार करून ठेवलेले सगळे तुकडे वाया गेले. चोच तर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मी म्हटलं, एवढंसं कसं सोल्डर करणार? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. चौदा नव्हे, आता सतरा वर्षं त्या याहून बारीक टोकांना सोल्डर मारत होत्या.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी लहान पंख कापला. सात चंद्रकोरी, सातही निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा बनुबाईंनी पंख ओठांजवळ नेऊन फुंकर मारून धूळ उडवली आणि उठून सगळ्यांना चहा केला. साखर घालायला विसरल्या. आम्ही तसाच प्यायलो.

खंड्या पूर्ण व्हायला मे उजाडला. सहादूभाऊंनी त्याच्यासाठी लोखंडी तारेची फांदी वाकवून दिली आणि तिला काळा रंग दिला. मिस्त्री खास भिंगारला बघायला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पक्षी डोळ्यांपाशी धरला, पंखाच्या आतल्या कडेवर नख फिरवलं. "चाळीस वर्षं काच कापतोय," ते म्हणाले, "हे मला येत नाही." मग सांधे बघितले. एकेक सांधा, सगळीकडून सारखा, गुळगुळीत. ते बराच वेळ बघत होते आणि बनुबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

सावेडीतल्या एका डॉक्टरीण बाईंनी प्रज्ञाकडून ऐकून तो मागितला. हवी ती किंमत देते म्हणाल्या. बनुबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, खंड्या दिला नाही. "राघू करून देते," म्हणाल्या, "हिरवी काच हाय माझ्याकडं." आणि दिलाही, दोन महिन्यांनी, फुकट.

अठ्ठ्याण्णवमध्ये आमची लाइन बंद झाली. मशिनं आली, बायका घरी गेल्या. कुणी शिवणकाम धरलं, कुणी भाजीचा गाळा. मी सावेडीच्या एका शाळेत ऑफिसात लागले. बनुबाई अंगणवाडीत मदतनीस झाल्या. पगार कमी, पण दुपारनंतर मोकळ्या. मध्यंतरी मी भिंगारला गेले तेव्हा पत्र्याची पेटी मोरीपासून उचलून ओसरीवर आली होती, उजेड चांगला म्हणून. बनुबाईंच्या मांडीवर कागद होता आणि त्या चिंचेची डहाळी काढत होत्या. खरी डहाळी शेजारी ठेवलेली.

"किती तुकडे?" मी विचारलं.

"यकसष्ट. येकेक पान निराळं."

"सगळी हिरवीच ना?"

"हिरव्यात बी चार परकार हायेत. बघ नीट." त्यांनी डहाळी माझ्या हातात दिली, चष्मा सारखा केला आणि पुढचं पान रेखायला घेतलं.