आपलं माणूस शेजाऱ्याच्या हाती

मेश्रामबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या घरात सुतळीने आईची खाट मोजत होत्या. आई अर्धांगवायूनं पडून होती. जीभ मात्र शाबूत. "काहून वो बाई, माही तिरडी मोजून राह्यली का?" तिनं विचारलं.

"तिरडी लागू नये म्हणूनच, वहिनी," बाई म्हणाल्या.

खाट दारापेक्षा चार बोटं रुंद भरली. त्याच आठवड्यात बाईंनी सुतार आणून ती अरुंद करून घेतली.

बालाघाटला परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावर बाई वैनगंगेकाठच्या आमच्या गावी राहायला आल्या. पूर आला तर कोणी कोणत्या वाटेनं टेकडीवरच्या विहारात जायचं, हे त्यांनी घरोघरी फिरून ठरवलं आणि वहीत लिहिलं. नियम एकच, पण कडक: ज्याला एकट्यानं चालता येत नाही, त्याला घरच्यांनी नाही, शेजाऱ्यांनी न्यायचं. घरचे पेटी शोधतात, रडतात, वाद घालतात. दवाखान्यात बाईंनी ते जन्मभर पाहिलं होतं. मला तो नियम निर्दय वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी वरच्या धरणाची दारं उघडल्याची खबर आली. मी शाळेतून घराकडे धावले. खालच्या गल्लीत पाणी शिरलं होतं. चौकात बाई उभ्या होत्या.

"कुठं चालली?"

"आईले आणाले."

"तुह्या आईले सुखदेव अन् त्याचा भाऊ आणते. तुह्या वाट्याले झनकबाबा हायेत. त्याइले दिसत नाही. जा!"

"सुखदेव आला का नाही, कोनाले मालूम?"

"तू नाही गेली तर बाबाकडे कोनीच जाणार नाही, हे मले मालूम हाय."

मी गेले. रागानं, रडत गेले. चढणीवर बाबा म्हणाले, "पोरी, हात इतका काहून दाबतं वो?" 

विहारात आई नव्हती. दाराशी उभी राहून मी खालच्या वाटेकडे पाहत राहिले. किती वेळ गेला, आजही सांगता येत नाही. मग आधी आईचा आवाज आला, "अबे धीरे, मी का धानाचं पोतं होय?" आणि वळणावर खाट दिसली.

सगळ्यांत शेवटी बाई आल्या, भिंती धरत, कमरेपर्यंत ओल्या. त्यांनी हजेरी घेतली. सगळे होते. झनकबाबांनी विचारलं, "बाई, तुमाले कोनी आणलं?"

"मीच आली ना."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. साऱ्या गावाची नावं असलेल्या त्या वहीत बाईंचं नाव कुठंच नव्हतं. त्यांच्या आखणीत मला दिसलेली ही एकच चूक.

या महिन्यात बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे आता त्यांचं ऐकत नाहीत. म्हणून त्यांना न विचारता आम्ही झनकबाबांसाठी दुसरा शेजारी ठरवला आणि वहीत बाईंचं नाव लिहिलं आहे, आणि त्यापुढे माझं.

बाई, तुम्ही हिंडत्याफिरत्या शंभरी पाहा. नदी आपल्या पात्रात राहो. नाहीच राहिली, तर आईला सुखदेव नेईल, मी तुमच्याकडे येईन. तेव्हा मला दुसऱ्या कोणाच्या दारी पाठवू नका.