चावलेलं बुजवणार नाही

गल्लीत तिला सगळे हाडवैद्यीण म्हणतात, आणि ती ओ देते. माणसाचं एकही हाड तिनं आयुष्यात बसवलेलं नाही. बसवते ती प्लॅस्टिकच्या वीतभर वीरांची. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ती खेळणी: पाणबुडे, गिर्यारोहक, अंतराळवीर. एकाला हात नाही, दुसऱ्याचा अंगठा कुणीतरी गिळलेला, तिसऱ्याच्या पोटातलं इलॅस्टिक सडून दोन्ही पाय लोंबताहेत. असले पेशंट घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत कोण येतं म्हणाल, तर पोरंटोरं नव्हेत. मिशा पांढऱ्या झालेले, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात बाळगणारे बाप्ये येतात. त्यांच्यासमोर चुकून 'बाहुली' म्हटलंत तर भुवया कपाळात जातात. 'ॲक्शन फिगर' म्हणायचं. बाहुल्यांशी बायका खेळतात.

घरात दुसरं माणूस म्हणजे धाकटी नणंद. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, नणंद काही जात नाही, हे हाडवैद्यीण तिच्या तोंडावर सांगते आणि दोघी मिळून हसतात. नणंदेची उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. त्यामुळे दारात खुर्ची टाकून आल्यागेल्याची कुंडली काढणं हा तिचा हक्कच. वहिनीनं म्हातारपणी भातुकली मांडली, आणि भातुकलीला भोजनभाऊही मिळाले, हे ती जिन्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानंच बोलायची.

हाडवैद्यीण मूळची कवळ्या करणारी. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, त्यावर ती कवळी घडवून पाठवायची. तीस वर्षं. तोंड कुणाचं, हे तिनं कधी पाहिलं नाही. पण साचा हातात आला की ती सांगायची, हा माणूस उजवीकडून चावतो, ही बाई झोपेत दात खाते, याला विडी सोडवत नाही. त्या कामात नियम एकच: जिभेला काही टोचता कामा नये. सगळं गुळगुळीत. मग म्हाताऱ्या मालकानं कारभार पोराच्या हाती दिला, पोरानं मशीन आणलं, आणि हिच्या वाट्याला उरलं नुसतं पॉलिश. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत फिरत्या चाकावर कवळी धरायची. दीड वर्षानं ती एका दुपारी उठली, मेण कोरायची सुरी पर्समध्ये टाकली आणि घरी आली. पोरगं अजून निरोप पाठवतं, मावशी, तुमचं स्टूल रिकामंच ठेवलंय. त्यावर मशीनलाच बसवा, हा तिचा ठरलेला निरोप.

कवळीचं सामान खेळण्याला चालतं, हे तिला हळूहळू उमगलं. पावडर आणि लिक्विड कालवून अंगठा घडवायचा, घोट्याला तार घालायची, पोटात नवं इलॅस्टिक ओढायचं. हात बसला होता. पण बसलेला हात कधी घात करतो, हे ती अगदी सुरुवातीला शिकली.

एक निवृत्त बसचालक आले होते. हाताचे पंजे परातीएवढे, त्यात एक पाणबुड्या. मान निखळलेली. हिनं मान बसवली, रंग जुळवला, आणि टाचेवर दातांचे व्रण दिसले तेही भरून, घासून लख्ख केले. सांगितलं नव्हतं कुणी. तीस वर्षांची खोड ती, खरखरीत काही दिसलं की हात शिवशिवायचे. बसचालकांनी पाणबुड्या घेतला, न बघताच अंगठा टाचेवर फिरवला आणि थांबले.

"बाई, हा माझा नाही," ते म्हणाले.

हिला वाटलं, गिऱ्हाईक कटकटीचं आहे. मानेवरची जुनी खूण दाखवून तो त्यांचाच असल्याचं पटवून दिलं. तेव्हा त्यांनी सावकाश सांगितलं की ते दात त्यांच्या धाकट्या भावाचे. पाणबुड्या थोरल्याला मिळाला म्हणून रागानं चावला होता. त्याच वर्षी तापानं गेला, सहा वर्षांचा होऊन. फोटो काढायची ऐपत घरात नव्हती.

हाडवैद्यिणीनं सुरी उचलली. मग म्हणाली की ते दात आपल्या डोळ्यांपुढे आहेत, वरचे दोन, खाली एक पडलेला, जसेच्या तसे कोरून देते. आणि दिलेही असते तिनं, फरक कळला नसता. बसचालकांनी मान हलवली. "नको. ते त्याचं काम होतं."

त्यांनी आभारसुद्धा मानले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तिनं टेबलावरच्या भिंतीला पाटी लावली: तुटलेलं जोडून मिळेल, चावलेलं बुजवणार नाही. ती वाचून लोक हसायचे. हसोत बापडे.

आता या कथेतले दुसरे गृहस्थ. हे जुन्या खेळण्यांचे व्यापारी. त्यांच्याकडच्या प्रत्येक वस्तूला म्हणे कधी हातच लागलेला नसतो, खोक्यातून बाहेर आलेली नसते, वारा लागलेला नसतो. म्हणून नणंदेनं त्यांचं नाव ठेवलं सीलबंद. गोड बोलायचे तेव्हा 'ताई' म्हणायचे, काम अडलं की 'बाई'. हाडवैद्यिणीच्या चार कामांतली तीन त्यांची असायची. त्यांनी पाठ फिरवली तर तिला पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसावं लागणार, हे तिला ठाऊक होतं, नणंदेला ठाऊक होतं, आणि मुख्य म्हणजे सीलबंदांना ठाऊक होतं.

शाळेच्या हॉलमध्ये जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन आणि विक्री होती. त्याच्या तीन आठवडे आधी खोकंभर वीर घेऊन सीलबंद आले. त्यात एक गिर्यारोहक होता, दुर्मीळ, दोरी-कुदळीसकट. फक्त डाव्या खांद्यावर कुणा पोराचा कडकडून चावा. 'ताई, एवढा खांदा साफ करा,' म्हणाले, 'चिठ्ठीवर दुरुस्ती नाही असं लिहायचंय.'

हिनं भिंतीकडे बोट केलं.

ते हसले. मग समजावलं. मग सांगितलं की पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. हाडवैद्यिणीनं गिर्यारोहक दिव्याखाली धरला, आठ दात मोजले, पुढचा एक अर्धाच आलेला पाहिला, आणि म्हणाली की पोर साताठ वर्षांचं असावं आणि फार चिडलेलं. खांदा आहे तसाच राहील.

"बाई, तुम्ही दुरुस्ती करता, न्यायाधीश नाही," सीलबंद म्हणाले. "असाच माल ठेवायचा असेल तर बाकीचाही ठेवू नका."

"उचला," ती म्हणाली. "पाय लोंबताहेत त्यांचे, जपून न्या."

खोकं गेलं. नणंदेनं डोक्याला हात लावला. एवढ्या काय नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कुणाच्या मेल्या पोराचे दात ते, आपल्या सात पिढ्यांत कुणी त्याला ओळखत नाही. हाडवैद्यीण म्हणाली, कुणीच ओळखत नाही म्हणून तर. दोघींनी त्या दिवशी अबोला धरला. नणंदेला तो पाऊण तासापलीकडे झेपत नाही. पाऊण तासानं तिनं विचारलं, मग आता करायचं काय, कवळ्या?

कवळ्या करायच्या नव्हत्या. प्रदर्शनाच्या संयोजकांना हाडवैद्यीण जाऊन भेटली. दुरुस्तीवाल्यांना टेबल मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. टेबल घरून आणते, जागा दाखवा. त्यांनी गंमत म्हणून जिन्याखालचा कोपरा दाखवला, जिथे मोडके बाक रचलेले होते. प्रदर्शनाच्या सकाळी दोघी तिथे हजर. टेबल म्हणजे घरातली इस्त्रीची फोल्डिंग फळी. त्यावर एक भिंग, एक दिवा आणि दुकानदार खोट्या नोटा तपासायला ठेवतात तसली जांभळ्या उजेडाची टॉर्च. त्या उजेडात जुनं प्लॅस्टिक मंद दिसतं, नवी भरणी चुन्यासारखी उठून दिसते. पुढे पुठ्ठा: घेण्याआधी तपासून जा. आहे ते सांगितलं जाईल.

तासभर कुत्रं फिरकलं नाही. मग एक निवृत्त बँकवाले आले, हातात अंतराळवीर. तो सीलबंदांच्या टेबलावरचा होता. घेण्याआधी दाखवून आणतो म्हटल्यावर चारचौघांत नाही कसं म्हणणार? नणंदेनं वहिनीला कोपर मारलं. सोन्यासारखी संधी. हाडवैद्यिणीनं अंतराळवीर उलटसुलट पाहिला, सांधे हलवले, टॉर्च फिरवली, पुन्हा फिरवली.

"खरा आहे. मूळ इलॅस्टिक आहे. घ्या," ती म्हणाली.

नणंदेचं तोंड उघडं राहिलं. बातमी सीलबंदांच्या टेबलापर्यंत वाऱ्यासारखी गेली, आणि तिथे त्या शहाण्या माणसाला दुर्बुद्धी सुचली. त्यांनी आवाज चढवून अख्ख्या हॉलला ऐकवलं की पाहा, त्या बाईंचा हात तीस वर्षांचा आहे, त्यांची नजर कधी चुकत नाही, त्यांनी स्वतः आमच्या मालाची खात्री दिली. कुणालाही विचारून या.

लोक विचारायला आले. जिन्याखाली रांग लागली. रांग दिसली की नणंदेच्या अंगात टेलिफोन खातं संचारतं. एकेक, एकेक, ढकलू नका. पाचवी होती एक शाळामास्तरीण. वडिलांसाठी गिर्यारोहक घ्यायचा होता तिला. चिठ्ठीवर लिहिलेलं: दुरुस्ती नाही. हाडवैद्यिणीनं तो हातात घेतला, पण खांद्याकडे लगेच गेली नाही. आधी पाय पाहिले, मग कुदळ, मग दोरी. सगळं खरं होतं आणि तसं तिनं सांगितलं. शेवटी टॉर्च डाव्या खांद्यावर आणली. खांदा पांढराफटक चमकला.

"इथे भरलंय. खाली आठ दात आहेत."

मास्तरीण तडक सीलबंदांकडे गेली, आणि सीलबंद तिच्या मागोमाग जिन्याखाली आले. रांग हलली नाही, कान तेवढे लांब झाले. या बाई जुन्या रागानं बोलताहेत, ते म्हणाले, त्यांचं काम बंद केलं म्हणून. त्यांना काय कळतं, कवळ्या करणारी बाई.

निवृत्त बँकवाले तिथेच उभे होते. त्यांनी अंतराळवीर शांतपणे पुढे केला. म्हणाले, मग हाही परत घ्या. यालाही त्यांनीच खरा म्हटलंय. त्यांच्यामागे आणखी दोघांनी पिशवीत हात घातला.

सीलबंदांनी अंतराळवीराकडे पाहिलं, गिर्यारोहकाकडे पाहिलं. बाईला कळत असेल तर एक जातो, कळत नसेल तर सगळेच जातात. हिशोबाला ते कधीच कच्चे नव्हते. बरं, म्हणाले, माझ्याही नजरेतून सुटलं असेल, माणूस आहे. इथून पुढे माझ्या मालाला तुमचा हात लागणार नाही, हे लक्षात ठेवा. हाडवैद्यीण म्हणाली की लक्षात ठेवते, आणि इस्त्रीच्या फळीवरचं पेन त्यांच्याकडे सरकवलं. चिठ्ठी बदलून घ्या, रांग खोळंबली आहे.

त्यांनी पेन उचललं. 'दुरुस्ती नाही' खोडलं आणि बारीक अक्षरात खाली 'दुरुस्त' लिहिलं.

तिनं चिठ्ठी भिंगाखाली धरली, वाचली आणि परत दिली.

"दुरुस्त नाही, साहेब," ती म्हणाली. "बुजवलेला लिहा. आणि जरा मोठं लिहा, मागच्यांना दिसत नाही."