उन्हात ठेवलेली बॅटरी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने मला एक लॅपटॉप दिला. मी बोईसरच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होते, खोलीही तिथेच घेतली होती. साहेबांनी बजावलं, घरी विजेवर चालवणार असाल तर बॅटरी काढून थंड जागी ठेवा, गरम झाली की ती लवकर मरते. मला कुणी जप म्हटलं की मी अतीच जपते. बॅटरी रुमालात गुंडाळून कपाटात साड्यांच्या घडीत गेली, आणि लॅपटॉप खुंटीला बांधलेल्या शेळीसारखा भिंतीच्या प्लगशी अडकून पडला.

आई जवळच्याच आमच्या माहीम गावी बोंबील सुकवायची. किनाऱ्यावरच्या बायका तिला विचारायच्या, तुझी पोर कंपनीत करते तरी काय? मासळी विकून तिने मला शिकवलं, आणि या एका प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हतं. लॅपटॉप एकदा इथे आणून त्यांना दाखव, एवढंच तिचं मागणं. मी म्हणायचे, किनाऱ्यावर वीज कुठे आहे, उगाच बॅटरी झिजेल. दोन वर्षं तिला हेच ऐकवलं. तो कद्रूपणा आठवला की आजही मला स्वतःची चीड येते.

शेवटी एप्रिलमध्ये मी कबूल झाले, बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा साड्यांत ठेवली. आधीचे आठ दिवस आई माझ्याकडेच राहायला होती. मग तिला घेऊन मी माहीमला गेले. दहा-बारा जणी हात पुसत भोवती जमल्या. मी बॅटरी बसवली, झाकण उघडून बटण दाबलं, तर लॅपटॉप ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी तेच.

"मी तर रोज ऊन दाखवला तिला," आई माझ्या कानाशी म्हणाली.

घरी रेडिओचे सेल मंदावले की ती ते बोंबलांशेजारी उन्हात मांडायची, मग रेडिओ आणखी दोन दिवस बोलायचा. तसंच त्या आठ दिवसांत मी कामावर गेले की माझी बॅटरी गच्चीवरच्या तापलेल्या पत्र्यावर, आणि मी परतायच्या आत पुन्हा साड्यांत. ओठांवर आलेलं फटकन बोलणार होते, पण तिचा चेहरा इतका उतरला होता की मी बायकांना सांगितलं, मीच चार्ज करायला विसरले.

कडेच्या घरातल्या काकींनी खिडकीतून वायर काढून दिली. त्यांचा सॉकेट जुना, सैल. प्लग जरा ढळला की पडदा काळा, कारण आत टेकू द्यायला जिवंत बॅटरी नाही. दोनदा असं झालं, तशी आई काकींच्या घरात गेली. मग पडदा विझला नाही.

मी त्यावर होडी काढून दाखवली. शीड चुकलंय, पुढचं टोक, म्हणजे नाळ, फार वर गेलीय, ही होडी बंदरातच उलटेल, असा सगळ्यांनी निकाल दिला. एकीने माझा हात धरून शीड सरळ करून घेतलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई कुठे आहे म्हणून मी खिडकीशी गेले, तर ती भिंतीला टेकून दोन्ही हातांनी प्लग दाबून उभी होती. घामाने पाठ भिजलेली. मी म्हटलं, आई, तू बाहेर ये, तूच पाहिलं नाहीस अजून.

"मी हात काडला तर जाल ते," ती म्हणाली. "त्यांना बगू दे पोटभर. मला तू सांग काय काय दिसते."