एकाच खुर्चीवरच्या सह्या

माझे यजमान रेल्वे डाकसेवेत सॉर्टर होते. वर्धा स्टेशनवर लाकडी खणांच्या फळीसमोर उभं राहून त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. टपालाच्या थैलीतून पाकीट उचलायचं, पत्ता वाचायचा, त्या त्या खणात टाकायचं. आत काय लिहिलंय हे आपलं काम नाही आणि कोणाचं पत्र अडवायचं नाही, एवढे दोनच नियम ते मानत. मागच्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल लिहायला बसते, पण दिवसाला चार-पाच ओळींच्या पुढे जात नाही. आज त्यांच्या इंटरनेटवरच्या पानाबद्दल लिहिते.

नोकरीत असताना त्यांना विचित्र पत्ते जमवायचा छंद लागला होता. नाव सोडून बाकी पत्ता ते वहीत उतरवून घेत. ‘लाल गाय बांधलेली असते ते घर.’ ‘पारावर विचारणे, कोणीही सांगेल.’ एका पाकिटावर गावाच्या नावाखाली नुसतं ‘धाकट्या मुलीच्या सासरी’ एवढंच होतं, आणि ते पोचलंही होतं. निवृत्तीनंतर वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेच्या घरात वही उघडून ते माझ्याकडे पाहत बसत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, म्हणून याचं पुस्तक होईल का हे मला विचारत. पुस्तक कोण छापणार? पण बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवाल्यानं तोवर चार संगणक घेऊन कॅफे उघडला होता. त्यानं ह्यांना मराठी टायपिंग शिकवलं आणि एक ब्लॉग काढून दिला. हे त्याला ‘पान’ म्हणत. रोज दुपारी एक पत्ता आणि खाली तो कसा पोचला त्याची हकिकत, असं ते लिहू लागले.

वाचणारे पंधरा-वीस असतील. त्यातल्या एकानं विचारलं, “हे पत्ते नक्की कोणाच्या मालकीचे? लिहिणाऱ्याच्या, ज्याला पत्र आलं त्याच्या, की तुमच्या?” ह्यांनी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “मालकी पत्राची असते. पत्ता तं सगळ्यायनं वाचासाठीच लिहिते ना माणूस?” मला ते पटलंही आणि नाहीही. आम्ही त्यावर आठवडाभर बोलत होतो.

पुढे कोणीतरी प्रतिक्रियेत घाण शिव्या लिहिल्या. कॅफेवाल्यानं सुचवलं, प्रतिक्रिया आधी तुमच्याकडे येईल आणि तुम्ही मंजूर केली तरच दिसेल, अशी सोय करू. हे तयार होईनात. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. अडवाचं नाई, नुसतं पाहून सोडाचं.” खरंच त्यांनी सगळ्या सोडल्या. शिव्यासुद्धा.

मग एका पावसाळ्यात पान दिसेनासं झालं.

“काकाजी, तुमचं पान उघडूनच नाई राह्यलं,” कॅफेवाला म्हणाला.

“काऊन?”

“सरकारनं काही मोजकी पानं बंद कराले सांगितली. इंटरनेटच्या कंपनीवाल्यायनं असे ब्लॉग जिथं राहतात, ते पुरं ठिकाणच बंद केलं.”

“मी काय तिथं शिव्या देल्ल्या? पत्ते तं लिहून राह्यलो.”

चमत्कारिक गोष्ट अशी की लिहायची खिडकी उघडत होती. ह्यांनी लिहिलेलं आत जात होतं, पण इथून कोणाला वाचता येत नव्हतं. आणि अमेरिकेतल्या एका वाचकानं, तो मूळचा इथल्या जिल्ह्यातल्या आर्वीचा, मेल केली की मला तर सगळं व्यवस्थित दिसतंय. आर्वीच्या पाराचा पत्ता अमेरिकेत दिसत होता आणि वर्ध्यात नाही. ह्यांनी हे मला तीन वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी नव्यानं कळल्यासारखं.

ते पान गेलं तर वहीत फक्त पत्ते उरणार होते. हकिकती त्यांनी थेट कॅफेत टाइप केल्या होत्या, कागदावर कुठेच नव्हत्या. त्यांना दुसऱ्यांदा त्या तशाच आठवतील याची खात्री नव्हती. ही भीती त्यांनी एकदाच बोलून दाखवली.

आर्वीवाल्यानंच सह्यांच्या मोहिमेचा दुवा पाठवला. ही बंदी उठवा, असं निवेदन इंटरनेटवर होतं, आणि खाली सही करायची. सही म्हणजे नाव, गाव, ईमेल आणि वाटल्यास एखादं वाक्य. ह्यांना निवेदन म्हटलं की एकच पद्धत माहीत होती: माणसं गोळा करायची. शेजारीपाजारी आणि स्टेशनवरचे जुने सोबती मिळून वीसेक जण एका दुपारी कॅफेत आले. बहुतेकांना ईमेल नव्हता, तो कॅफेवाल्यानं तिथेच काढून दिला. तीन संगणक बंद होते, म्हणून सगळे एकाच खुर्चीवर पाळीपाळीनं बसले.

“सही केल्यावर पोलीस तं नाई येत ना घरी, काकाजी?” शेजारच्या सिस्टरबाईंनी विचारलं. त्या सेवाग्रामच्या दवाखान्यात होत्या.

“आले तं पत्ता मी सांगतो. चुकणार नाईत.”

मला ह्यांनी सगळ्यांत आधी बसवलं. चारचौघांत सही करायची मला सवय नाही. वाक्याच्या चौकटीत काय लिहावं सुचेना, म्हणून सकाळी चहा पिताना हे जे बोलले होते तेच एका बोटानं टाइप केलं: ‘एका पाकिटासाठी अख्खी थैली अडवू नये.’ मागे उभं राहून त्यांनी ते वाचलं. ते स्वतः सगळ्यांत शेवटी बसले.

दोन दिवसांनी मोहिमेवाल्यांची इंग्रजी मेल आली. एकाच संगणकावरून एका दुपारी इतक्या सह्या आल्या, त्या एकाच माणसानं केल्या असाव्यात, म्हणून पहिली ठेवून बाकीच्या काढल्या आहेत. मी मराठी करून सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, “म्हणजे त्यायले माणूस नाई दिसत, खुर्ची दिसते.” मग त्यांनी उत्तर सांगितलं आणि मी ते इंग्रजीत लिहिलं. खेड्यातली सगळी पत्रं एकाच लाल पेटीत पडतात, सगळ्यांवर एकाच गावाचा शिक्का असतो; त्यावरून त्या गावात एकच माणूस राहतो असं आम्ही कधी धरलं नाही.

उत्तर आलं नाही. पण थोड्याच दिवसांत पान उघडलं. सगळ्या हकिकती जागेवर होत्या.

“आपल्यामुळे झालं असेल का?” मी विचारलं.

“काय मालूम. पोचपावती थोडीच येते याची.”

परवा मी कॅफेत गेले. आता तिथे झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं कामच जास्त चालतं. सह्यांची ती यादी अजून आहे. वर्ध्याचं एकच नाव आहे, माझं, आणि त्याखाली ह्यांचं वाक्य. त्यांचं नाव माझी नक्कल समजून काढून टाकलेलं. इतकी वर्षं मला हे खटकलं कसं नाही, कोण जाणे.

यादीत काही बदलता येत नाही. म्हणून मी त्यांच्या पानावर शेवटच्या पत्त्याखाली प्रतिक्रिया लिहिली: ‘थैलीचं ते वाक्य या पानाच्या मालकाचं आहे. मी न विचारता घेतलं होतं.’ पाठवल्यावर पडद्यावर ओळ आली. प्रतिक्रिया मिळाली, पानाच्या मालकाने मंजूर केल्यावर दिसेल.

कॅफेवाल्यानं ती ओळ वाचली.

“काकू, काकाजींचा पासवर्ड मालूम आहे का तुम्हाले?”

“नाही.”

“मग हे कोणालेच नाई दिसणार.”

“पण मिळाली असं लिहिलंय ना?”

“हो. मिळाली म्हणते.”

“मग राहू द्या,” मी म्हणाले, आणि मागे झेरॉक्ससाठी थांबलेल्या बाईंना खुर्ची दिली.